चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी ओरडते : टर्बो की आणखी काही?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटर, मॅन्युअल, १ लाख ४२ हजार किमी झालेली. कराड-चिपळूण येणे-जाणे असते, त्यामुळे कुंभार्ली घाट ठरलेला.

पावसाळा संपता संपता एक आवाज सुरू झाला. सपाटीला हळू चालवली तर काही नाही. चढावर किंवा ओव्हरटेक करताना पाय दाबला की साधारण १८००-२००० आरपीएमपासून पुढून, खालच्या अंगाने घर्रर्र असा मोठा आवाज येतो. शेजारून ट्रॅक्टर चाललाय की काय असे वाटते. पाय उचलला की लगेच बंद. आता तर काचा लावूनही गाडीत ओरडून बोलावे लागते. पिकअप कमी झालाय असे मला वाटते, बायकोच्या मते तो माझा भास आहे. मीटरवर दिवा एकही नाही.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून उभ्या गाडीला रेस दिली आणि "टर्बो (एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेला" म्हणून सांगितले. खर्च चाळीस हजारांच्या पुढे. दुसऱ्याने एक चक्कर मारून व्हील बेअरिंग सांगितली. दोघेही अगदी ठाम. कोणाचे ऐकू?

घाटमाथा
टर्बोच. मेहुण्याच्या गाडीला असंच झालं होतं. उगाच ओढत बसू नका, इंजिन बसेल.

बिनगिअरचा
इंजिन ऑइलमध्ये टाकायची बाटली मिळते, ती टाकून बघा. आवाज निम्म्यावर येतो.

मेस्त्री_उद्यमनगर
दादा, टर्बोला हो म्हणू नका आणि बाटलीही आणू नका. ऑइलमधल्या औषधाने ऑइल जिथे पोचते तिथलाच आवाज कमी होईल, झाला तर. तुमचा आवाज खालून येतोय आणि पाय उचलला की थांबतोय.

आधी एवढेच ठरवा की आवाज कुणाच्या मागे धावतो : इंजिनच्या फेऱ्यांच्या, गाडीच्या वेगाच्या, की इंजिनवर पडणाऱ्या जोराच्या. हे तिन्ही वेगळे आहेत आणि नव्वद टक्के भांडणे इथेच मिटतात.

मोकळा, सपाट रस्ता बघा. सोबत कुणीतरी घ्या, चालवणाऱ्याने फक्त चालवायचे. साठच्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये चालवा, मग त्याच साठला चौथ्यात. वेग तोच, फेऱ्या कमी झाल्या. आवाजाचा सूर बदलला तर तो इंजिनकडचा, बदलला नाही तर चाकाकडचा. मग साठलाच क्षणभर न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवून. चावी बंद करायची नाही, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. आणि हे उतारावर तर मुळीच नको. न्यूट्रलमध्येही हुंकार तसाच राहिला तर बेअरिंग किंवा टायर. बेअरिंगला तुमच्या पायाशी देणेघेणे नसते. ती वेगाबरोबर वाढते, आणि गाडी एका अंगाला कलली की, म्हणजे लांब वळणावर, कमीजास्त होते.

शेवटी उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये २५०० पर्यंत रेस देऊन ऐका. इथे आवाज कमी आला आणि चढावर जास्त आला, तर तो जोराच्या मागे धावतोय. उभ्या गाडीला रेस दिली तर डिझेल थोडेच जळते, टर्बोत दाब धड तयार होत नाही, इंजिनही फार पिळले जात नाही. म्हणून पहिल्या गॅरेजमध्ये जे केले त्यावरून टर्बो गेला हे कळायला काही मार्ग नाही. तो माणूस अंदाजच सांगत होता, आणि अंदाज महागातला होता.

रेवती_गुहागर
मेस्त्रीकाका, एक शंका. कोकणात उंदरांचा त्रास भयंकर. आमच्या गाडीचा टर्बोकडून येणारा रबरी होज कुरतडला होता, तेव्हाही पाय दाबला की आवाज यायचा आणि सोडला की बंद. मग हा तोच प्रकार नसेल कशावरून?

मेस्त्री_उद्यमनगर
शंका बरोबर आहे ताई. पण तुमचा आवाज घर्रर्र होता की फुस्सस्स?

टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन या पाइपांत दाबाची हवा असते. तिथे फट पडली, क्लिप सैल झाली, की हवा शिट्टीसारखी किंवा फुसकारत सुटते. शिवाय इंजिनला हवा कमी पडते, मागून काळा धूर येतो, पिकअप स्पष्ट मरतो. स्कॅनर लावला तर बरेचदा पी ०२९९ हा कोड मिळतो, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. होजच्या सांध्यावर ताजे ओले ऑइल दिसते. अगदी पुसट ओल जुन्या गाडीत असतेच, तिला घाबरू नका.

खुद्द टर्बो जाताना सायरनसारखा चढत जाणारा सूर येतो. ऑइल जळले तर धूर निळसर असतो. खात्री करायची तर हवेचा पाइप काढून थंड इंजिनवर टर्बोची दांडी बोटाने हलवायची. आडवी किंचित हलते, ते चालते. पुढे-मागे सरकायला लागली किंवा पंख घरावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र टर्बो गेला. हे बघायला पाइपची एक क्लिप सोडावी लागते, बस्स. चाळीस हजार मागणाऱ्याने एवढे तरी करायला हवे होते.

आणि घर्रर्र किंवा फटफट असा जाड आवाज, खालून, म्हणजे एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) कुठेतरी फुटलाय. दादा, गाडीत धुराचा वास येतो का?

नादबिंदू
पुण्यात आवाज आणि कंपने मोजण्याचेच काम करतो, म्हणून थोडी भर. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारे ॲप फुकट मिळते. सोबतच्याला रेकॉर्ड करायला सांगा आणि त्या क्षणीचे आरपीएम मोठ्याने बोलायला सांगा, ते रेकॉर्डिंगमध्येच राहते.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, ८० स्फोट. एक्झॉस्ट फुटला असेल तर आलेखात ८० हर्ट्झला आणि त्याच्या पटीत, १६०, २४० असे खांब उभे राहतात. तुमच्या गाडीचे चाक साठच्या वेगाला सेकंदाला नऊच्या आसपास फेऱ्या घेते, त्यामुळे चाकाकडून येणारा हिशोब पूर्ण वेगळा बसतो. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फिरते. १ लाख २० हजार धरले तरी २००० हर्ट्झ झाले, म्हणजे बारीक शिट्टी. टर्बोतून घर्रर्र यायला पंख घासायलाच हवेत.

खालचे सूर फोनचा माइक नीट पकडत नाही, म्हणून एकाच खांबावर विसंबू नका. १६० आणि २४० ला काही आहे का ते बघा.

कोयनाकाठ
काल पाटणच्या अलीकडे मोकळ्या पट्ट्यावर सगळे करून बघितले. भाऊ सोबत होता.

तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये सूर बदलला. न्यूट्रलमध्ये चाकांचा नेहमीचा आवाज सोडला तर शांत. उभ्या गाडीला रेस दिली की आवाज येतो, पण चढावरच्या मानाने काहीच नाही. ॲपमध्ये २४०० ला १६० च्या जवळ मोठा खांब दिसतोय, ८० ला बारका. काळा-निळा धूर नाही. घाटात मागे बसलेल्यांना कधीकधी वास येतो. आजवर पुढच्या ट्रकचा असेल म्हणून सोडून दिला होता.

आणखी एक. पहिल्या गिअरमध्ये निघताना आणि रिव्हर्स घेताना खालून धप्प असा एक ठोका बसतो. तो जुना आहे, या आवाजाच्या बराच आधीपासून. याच्याशी संबंध नसेल म्हणून आधी लिहिले नाही.

मेस्त्री_उद्यमनगर
दादा, खरी बातमी तुम्ही शेवटी दिलीत!

तो ठोका म्हणजे इंजिनचे फाउंडेशन. तुमच्या गाडीत इंजिन आडवे बसते. पाय दाबला की ते मागे कलते, सोडला की पुढे येते. त्याला धरून ठेवायला रबराचे फाउंडेशन असते आणि खाली एक टॉर्क रॉड. एक्झॉस्टची पुढची बाजू इंजिनला बांधलेली, मागची बॉडीला रबरावर टांगलेली. म्हणजे इंजिन हलणार, पाइप हलणार नाही. ही ओढाताण सोसायला मध्ये जाळीदार फ्लेक्सिबल पाइप देतात. फाउंडेशनचे रबर तुटले की इंजिन हवे तेवढे डुलते आणि तो बिचारा फ्लेक्सिबल रोज ताणला जातो. वर चिपळूणकडचा पाऊस, मीठ-ओलावा. एक दिवस जाळीच्या आत चीर पडते. चढावर इंजिन जास्त कलते, चीर उघडते, वायूही जास्त येतो. सपाटीला मिटते. म्हणून तुमचा आवाज जोराच्या मागे धावतोय.

माझा अंदाज हाच, पण अंदाजावर मीही पैसे मागत नाही. दोन गोष्टी तपासा.

फाउंडेशनसाठी : बॉनेट उघडे, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय घट्ट. पहिला टाकून क्लच अगदी हळू, इंजिन दबेपर्यंतच सोडा, मग परत दाबा. तसेच रिव्हर्सला. भावाला बाजूला उभे राहून बघू द्या. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणी उभे राहायचे नाही, हे दोनदा सांगतो. इंजिन जरासे कलून थांबले तर ठीक, उडी मारल्यासारखे उचलले गेले तर रबर गेले.

फ्लेक्सिबलसाठी : रॅम्पवर घ्या. सकाळी, इंजिन थंड असताना. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. गाडी स्टार्ट केल्यावर एकाने जाड हातमोजा घालून ओल्या पोत्याने सायलेन्सरचे तोंड दोन-तीन सेकंद अर्धवट दाबायचे. दुसऱ्याने पुढे कान द्यायचा. फुस्स जिथून येईल तिथे काजळीचा काळा पट्टाही सापडेल.

आणि वास येतोय म्हणता, तर दुरुस्ती होईपर्यंत बाहेरची हवा आत घेणारे बटण चालू ठेवा, काचा थोड्या उघड्या. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण मागे मुले झोपलेली असतील तर कमी म्हणून सोडायचे नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचे तर नावच नको.

बिनगिअरचा
एवढा खटाटोप? सायलेन्सरच काढून टाका, आवाज भारी येतो. पोरं पैसे देऊन असा आवाज करून घेतात.

रेवती_गुहागर
आणि पोलीसही पैसे घेऊन पावती देतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-धुराच्या नियमभंगाला पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे. तुमच्या बाटलीपेक्षा महाग.

घाटमाथा
मेहुण्याला फोन केला होता. त्याचा टर्बो बदलल्यावरही आवाज राहिलाच होता, शेवटी मॅनिफोल्डचे (सिलिंडरांतला धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळीचे) पॅकिंग निघाले. मला हा भाग सांगितलाच नव्हता त्याने.

मेस्त्री_उद्यमनगर
मॅनिफोल्डच्या पॅकिंगचा आवाज वेगळा असतो. सकाळी थंड गाडीला टकटकटक, टॅपेटसारखा (टॅपेट म्हणजे इंजिनच्या झडपा ढकलणारा भाग), आणि गाडी तापली की कमी, कारण लोखंड फुगून फट मिटते. टर्बोच्या आधी फुटले म्हणजे टर्बोला मिळणारा जोरही तिथेच गळतो, म्हणून पिकअप जातो. फ्लेक्सिबल टर्बोच्या नंतर असतो, त्यात चीर पडली तर आवाज आणि वास भरपूर, पिकअपला फारसा फरक नाही. तेव्हा कोयनाकाठदादा, पिकअपच्या बाबतीत वहिनींचे बरोबर निघायची शक्यता जास्त.

कोयनाकाठ
निघालेच! म्हणजे दोन्ही निघाले. फाउंडेशन बघताना भाऊ म्हणाला इंजिन बाहेर पडतंय की काय. खालच्या टॉर्क रॉडचे रबर पूर्ण फाटून लोखंड लोखंडावर आपटत होते, गिअरबॉक्सच्या बाजूचे फाउंडेशनही अर्धे सुटलेले. रॅम्पवर घेतल्यावर फ्लेक्सिबलच्या जाळीला वरच्या अंगाने, खालून सहज न दिसणारी, बोटभर चीर. भोवती काळाकुट्ट.

आता प्रश्न दुरुस्तीचा. गॅरेजवाला दोन पर्याय देतोय : आहे त्यालाच वेल्डिंग मारू, किंवा तो तुकडा कापून साधा पाइप घालू, "परत कधी फुटणारच नाही" म्हणतो. फाउंडेशन पुढच्या महिन्यात केले तरी चालेल म्हणतो. काय करू?

मेस्त्री_उद्यमनगर
साधा पाइप घालू देऊ नका. तो फुटणार नाही हे खरे, कारण मग त्याच्या पुढचे फुटेल. इंजिनची सगळी हालचाल सरळ मॅनिफोल्डच्या बोल्टांवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) जोडावर जाईल. शिवाय इंजिनची थरथर पाइपातून थेट तुमच्या पायाखाली येईल. पातळ जाळीवरचे वेल्डिंगही टिकत नाही. जाळी वाकण्यासाठी असते, वेल्डिंग केले की तिथे ताठ होते आणि त्याच्या कडेने पुन्हा चिरते.

नवा फ्लेक्सिबल तुकडा बाजारात वेगळा मिळतो, पूर्ण पुढचा पाइप घ्यायची गरज नाही. व्यास आणि लांबी मोजून, जुना कापून, नवा दोन्ही टोकांना जाड पाइपावर वेल्ड करायचा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, झटका बसायची भीती. आणि पाइप इंजिनला व मागच्या टांगणीला, दोन्हीकडे जागेवर बसवून मगच टाके मारायला सांगा. बाकावर वेल्ड करून आणला की तिरका बसतो आणि पहिल्या दिवसापासून ताणात राहतो. सायलेन्सर टांगायची रबरे बघा, सैल झाली असतील तर ती बदला. किरकोळ किमतीची असतात.

फाउंडेशन मात्र आधी, निदान त्याच दिवशी. नाहीतर नवा पाइपही याच वाटेने जाईल. सगळे फाउंडेशन सैल बसवा, इंजिन चालू करून थोडे डुलू द्या, बंद करा, इंजिन स्वतःच्या जागेवर विसावले की मग बोल्ट आवळा. आधीच आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. घाईत हे कुणी करत नाही, म्हणून समोर उभे राहा. जुने पार्ट परत मागून घ्या.

नादबिंदू
फाउंडेशन बदलल्यावर सुरुवातीला उभ्या गाडीत स्टिअरिंगला थोडी जास्त थरथर जाणवू शकते, नवे रबर कडक असते. ते बिघडले समजून पुन्हा सोडवू नका. पण आठवडे गेले तरी कमी होत नसेल तर कुठेतरी लोखंडाला लोखंड टेकतेय.

कोयनाकाठ
काम झाले. टॉर्क रॉड, गिअरबॉक्सकडचे फाउंडेशन, नवा फ्लेक्सिबल, टांगायची दोन रबरे. मजुरीसकट टर्बोच्या सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शातही आले नाही. काल घाट चढलो. घर्रर्र गेला, धप्प गेला, वास गेला. आता मात्र आधी कधी ऐकू न आलेली एक बारीक शिट्टी पाय दाबल्यावर येते आहे...

मेस्त्री_उद्यमनगर
ती टर्बोची. पहिल्यापासून होती, गोंगाटात दबली होती. सूर एकसारखा चढत-उतरत असेल, धूर नसेल, ऑइल कमी होत नसेल तर मजेत चालवा. घाटमाथ्यावर पोचून लगेच थांबणार असाल तर अर्धा-एक मिनिट इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून मग बंद करा. टर्बोला तापलेल्या अवस्थेत ऑइल बंद झालेले आवडत नाही.

सीएनजीवाला_सातारा
धाग्यावर कब्जा करतोय, माफी असावी. माझी पेट्रोल गाडी, नंतर बसवलेले सीएनजी किट. खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनातून खिळे हलवल्यासारखी बारीक किणकिण येते. पेट्रोलवरच. सीएनजीवर नाही. गॅरेजवाला टॅपेट म्हणतो.

मेस्त्री_उद्यमनगर
टॅपेटला कुठले इंधन चालू आहे ते कळत नाही हो. टॅपेट असता तर दोन्हीवर वाजला असता, आणि उभ्या गाडीतही.

हे नॉकिंग. ठिणगीची आग पोचायच्या आधीच उरलेले पेट्रोल आपोआप पेट घेते, त्याचा ठोका. सीएनजीचा ऑक्टेन (असे आपोआप न पेटण्याची ताकद) पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणून त्यावर येत नाही. घाटात चौथा नको, तिसरा टाका. कमी फेऱ्यांवर जोर मागितला की हे हमखास होते. एक टाकी नेहमीपेक्षा जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरून बघा. गेले तर निदान झाले. गेले नाही तर प्लग काढून त्यांचा नंबर कंपनीने सांगितलेलाच आहे का बघा, किट बसवताना बरेचजण बदलतात. मग पिस्टनवरची काजळी आणि नॉक सेन्सरची वायर. किट बसवणाऱ्याने टायमिंग पुढे करणारे, म्हणजे ठिणगी लवकर पाडणारे, यंत्र लावले असेल तर ते पेट्रोलवर आपोआप बंद होते का, हे आधी विचारा. आमच्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत बरेचदा तिथेच गोची असते.

सीएनजीवाला_सातारा
असे एक काळे डबडे आहे बॅटरीशेजारी. त्याच्या वायरी कुठे जातात ते उद्या उजेडात बघून फोटो टाकतो.